पीठ कुणाचं ते सांगा

आमच्या शेतकरी बाजाराचा एकच नियम होता आणि तो मी केलेला होता. टेबलावर जो माल असेल तो पिकवणाऱ्याचं नाव आणि गाव पुढच्या फलकावर ठळक लिहायचं. नाव नाही तर टेबल नाही. गिऱ्हाइकांना हे फार गोड वाटायचं, फलकाशेजारी उभं राहून फोटो काढायचे. मी तो गोड वाटावा म्हणून केला नव्हता. इथली द्राक्षं, इथला कांदा, इथली भाजी देशभर नाशिकच्या नावानं विकली जाते आणि ज्यानं पिकवली तो माणूस बिननावाचा राहतो, याचा मला संताप होता. अजून आहे.

संताप कागदावर उतरवायला मी कॉलेजात शिकले. विद्यार्थी संघटनेत पत्रकं लिहायचं काम माझ्याकडं असायचं. एक पान, दोन्ही बाजूंनी मजकूर, सकाळी कॉलेजच्या गेटवर आणि दुपारी सीबीएसच्या बसस्टँडवर वाटायचं. मला शिकवणारी ताई पहिल्याच मसुद्यावर काट मारून म्हणाली होती की 'अन्याय होत आहे' असलं गुळमुळीत लिहायचं नाही, कोण करतोय त्याचं नाव लिही, नसेल हिंमत तर पान कोरं सोड. ती शिकवण माझ्या अंगात मुरली. घरी त्याचा त्रास व्हायचा. माझे वडील एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले. त्यांच्या मते नावं घेत फिरणाऱ्या पोरीला नोकरी लागत नाही. त्यात ते बरोबर निघाले, म्हणून मी बाजार चालवायला घेतला.

बाजार भरायचा गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर. लग्नाचं लॉन्स. मालकाची अट अशी की ज्या रविवारी मुहूर्त नाही त्याच रविवारी जागा मिळेल. म्हणजे आमचा बाजार कधी लागोपाठ भरायचा, कधी महिनाभर गायब. लोकांना कळणार कसं? त्यासाठी इन्स्टाग्रामचं पान, व्हॉट्सअॅपचे ग्रुप, स्टेटस, रील. पंचांग उघडून सोशल मीडिया चालवणारी नाशिकमधली मी बहुधा एकटीच. "या रविवारी कुणाचं लग्न नाही, तेव्हा भाजीला या" ही माझी सगळ्यात जास्त फिरलेली पोस्ट.

मग वायनरी आली.

दिंडोरीकडची छोटी वायनरी. चालवणारा चाळिशीचा माणूस, सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतली नोकरी सोडून वडिलांच्या मळ्यात परत आलेला. त्याला टेबल हवं होतं. एका दिवसाचा सरकारी परवाना काढणं, आडोसा करणं, ओळखपत्र बघून चव देणं, सगळं तो स्वतः करणार होता. मी हो म्हटलं आणि पोस्ट टाकली. खाली लगेच सुरू झालं: शेतकऱ्यांच्या नावाखाली दारूचा अड्डा, संस्कृती बुडाली, ही पोरगी कुणाची. वडिलांनी पोस्ट वाचून एवढंच विचारलं की तुला बाटल्या विकायला शिकवलं होतं का. मी वाइन पीत नाही. एकदा घेतली होती, आंबट लागली. पण ज्या शहरातले लोक शनिवार-रविवार टोप्या घालून द्राक्षमळ्यात फोटो काढायला जातात, त्यांनी मला संस्कृती शिकवावी हे मला मान्य नव्हतं. प्रत्येक कमेंटला उत्तर दिलं. सौम्य एकही दिलं नाही.

पण नियम त्यालाही लागू होता. त्याच्या फलकावर वायनरीचं फ्रेंच वाटेल असं नाव होतं. द्राक्षं कुणाची, मी विचारलं. थोडी घरची, बाकी कराराची, तो म्हणाला. मग करारवाल्यांची नावं लिहा. तो अवघडला.

"ताई, ते लोक नाव लावू देत नाहीत. गावात ज्यूसचा माल म्हणून सांगतात."

हे मला माहीत नव्हतं. वाइनची द्राक्षं बारीक, जाड सालीची, बियांची. खायला कुणी घेत नाही, त्यामुळं मळ्यात ती दिसली की प्रश्न येतोच. त्याला गावानं एक उत्तर ठरवलं आहे: ज्यूसला जातात. विचारणाऱ्याला माहीत असतं, सांगणाऱ्याला माहीत असतं, टेम्पोवाल्यालाही माहीत असतं. आणि सगळे ज्यूस म्हणतात.

त्या करारवाल्यांपैकी एक आमच्याच बाजारात बसत होता. सायखेड्याच्या पलीकडं नदीकाठच्या एका गावातले काका आणि काकू. ते आमच्याकडं खायची द्राक्षं आणि बेदाणे आणायचे. काकांच्या गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. वाइनचा मळा त्यांचाही आहे हे वायनरीवाल्याकडून कळल्यावर मी सरळ त्यांच्यापुढं जाऊन बसले. म्हटलं, तुमचं नाव त्या फलकावर लावू का. काकांनी बेदाण्याचा पुडा बांधून संपवला. पुढच्या बाजाराला आल्या आल्या माझ्याकडं आले.

"लिव. बापाचं नाव पन लिव. मळा त्याचा व्हता."

काकू मागून म्हणाल्या, "लिव बाई, लिव. मोठ्या अक्षरात लिव. म्हंजे गावाला चष्मा लावायला नको."

वायनरीवाल्यानं आदरानं एक पेला काकांपुढं धरला. काकांनी नुसता वास घेतला, मळ्याचा वास असा नसतो म्हणाले आणि पेला परत दिला. मग फलकाशेजारी उभं राहून मी धरलेल्या फोनकडं बघत बोलले, की ही द्राक्षं माझी, मी माळकरी आहे, पीत नाही, पण पिकवतो मीच. एवढंच. मी त्यावर गाणं लावलं नाही, काही कापलं नाही. ते रील आमच्या पानावर आजवर सगळ्यात जास्त बघितलं गेलं.

बघितलं गेलं म्हणजे गावातही. कुणीतरी फलकाचा फोटो कापून गावच्या ग्रुपवर टाकला, वर लिहिलं, बघा आपले माळकरी. सप्ताह तोंडावर आला होता.

शहरात वाढलेल्यांसाठी सांगते. काकांच्या गावात दरवर्षी सात दिवस अखंड नामाचा सप्ताह बसतो. रोज संध्याकाळी कीर्तनानंतर गाव पंगतीला बसतं. एकेका दिवसाची पंगत एकेका घराकडं. त्या संध्याकाळी माइकवरून त्या घराचं नाव पुकारतात, घरच्या माणसाला टोपी-उपरणं आणि नारळ देतात. बुधवार काकांच्या घराचा, त्यांच्या वडिलांपासूनचा. वर्षभरात त्या माणसाचं नाव गावात मोठ्यानं घेतलं जातं ते त्या एका संध्याकाळी. आणि यंदा ते घेतलं जाणार नाही असं सप्ताहाच्या कमिटीनं ठरवलं.

हे मला काकांनी सांगितलं नाही, ते बाजाराला आलेच नाहीत. त्यांचं टेबल मोकळं राहिलं. मी फोन केला तर काकूंनी उचलला आणि आधी मला फाडून खाल्लं. तुमचं फोटो काढून होतं, आम्हाला त्या गावात मरायचंय. चाळीस घरं ज्यूस म्हणतात, आमच्याच तोंडाला काय खाज होती. मी म्हटलं, काकू, खोटं काही लिहिलं नव्हतं. त्यावर त्या म्हणाल्या की खरंखोटं करायला मी तुला बोलावलं नव्हतं. फोन ठेवला नाही मात्र. शिव्या देऊन झाल्यावर विचारलं, येतीस का इकडं.

गेले. ओट्यावर काका बसलेले, समोर कमिटीचे अध्यक्ष. अध्यक्ष म्हणजे काकांचे बालमित्र, दोघं एका बाकावरचे. मला येताना बघून अध्यक्षांनी आवाज खाली आणला, पण बोलणं थांबवलं नाही. त्यांनी मधला मार्ग काढला होता. बुधवारची पंगत यंदा गावाची म्हणून करायची. काकांना पुण्य पाहिजे तर डाळ, भाजी, बुंदीचं सामान देवळात आणून टाकावं, कुणी नाही म्हणणार नाही. फक्त नाव पुकारायचं नाही. एक वर्ष जाऊ द्यावं, लोक विसरतात.

काका उठून उभे राहिले.

"नाव घेनार नसाल तर डाळ पन घिऊ नका."

अध्यक्षांनी काकूंकडं वळून बघितलं. बायका जुळवून घेतात असा त्यांचा अंदाज असावा. "वहिनी, तुमी तरी सांगा. अन्नाला कोन नाय म्हन्तंय?"

काकू उंबऱ्यात उभ्या होत्या. फोनवर मला फाडून खाणाऱ्या त्याच काकू. त्या म्हणाल्या, "अन्न चालतं आन मानूस चालत नाय व्हय? बरं. कळलं." आणि आत गेल्या. अध्यक्ष गेले. मला तेव्हा वाटलं, प्रकरण संपलं.

माझ्याकडं एक गोष्ट होती. वायनरीवाल्यानं बोलता बोलता सांगितलेली: अध्यक्षांच्या घरची द्राक्षंही त्याच टेम्पोनं त्याच वायनरीत जातात. मी काकांना म्हटलं, आज टाकते. एकच पोस्ट. अध्यक्षांचं नाव, मळ्याचा फोटो, टेम्पोचा फोटो. उद्या सकाळी तुमचं नाव माइकवरून दहा वेळा घेतील. मजकूर डोक्यात तयार होता, मथळ्यासकट.

काकांनी मान हलवली. म्हणाले, "माझं नाव मी सांगितलं. त्याचं त्यानं सांगायचं. तू नाय, मी पन नाय."

मी वाद घातला. म्हटलं, तो तुमचं नाव पुसतोय आणि तुम्ही त्याचं झाकताय. ढोंग उघडं केलं नाही तर ढोंगच जिंकतं, हे मी पाच वर्षं पत्रकांत लिहीत आले. काका म्हणाले, मग कर तुझ्या पत्रकात. माझ्या ओट्यावर नाय. आज लिहितानाही मला ते पूर्ण पटलेलं नाही. पण ओटा त्यांचा होता, नाव त्यांचं जाणार होतं. मी पोस्ट टाकली नाही. स्कूटी चालू करताना काकू मागच्या दारानं आल्या आणि विचारलं, सोमवारी मोकळी असशील का, ही गाडी वजन ओढते का.

सोमवारी गेले तर अंगणात पिठाच्या गोण्या. काकूंनी घरचा गहू गिरणीतून दळून आणला होता. मला काही कळेना. मग त्यांनी समजावलं, आणि ते कळल्यावर मी तिथंच ओट्यावर बसले.

त्या गावच्या पंगतीत डाळ, भाजी आणि गोडाचं देवळामागच्या चुलाणावर शिजतं. ते पुरुषांचं काम, आचारी आणि कमिटी बघते. पण एवढ्या पोळ्या देवळात होत नाहीत. ज्या घराची पंगत असते त्या घरची बाई दोन दिवस आधी घरोघर पीठ वाटते आणि प्रत्येक घर पोळ्या लाटून, टोपल्यात फडक्याखाली झाकून, पंगतीला आणतं. वर्षानुवर्षं असंच. पुरुषांच्या दृष्टीनं पोळ्या आपोआप येतात. कमिटीनं बैठक घेतली, पंगत गावाची केली, डाळीचा कट्टा, तेलाचा डबा, बुंदीचं बेसन, सगळ्याचं ठरवलं. पीठ कोण वाटणार हा प्रश्न एकाही पुरुषाच्या डोक्यात आला नाही.

"मी नाय वाटलं तर बुधवारी डाळ पिऊन झोपत्याल," काकू म्हणाल्या. "मी वाटनार हाय. चल."

काकांना सांगितलंय का, मी विचारलं. त्या म्हणाल्या की त्यांचं नाव, माझं पीठ. त्यांना कशाला?

पुढं पिठाची गोणी, मागं काकू, आणि माझी स्कूटी गावातल्या गल्ल्यांत. कॉलेजात घरोघर पत्रकं वाटली होती. दार उघडतं, कागद घेतात, दार बंद होतं, वाचलं की नाही देव जाणे. इथं पत्रक नव्हतं, पण पीठ ठेवून घेतलं म्हणजे पोळ्या येणार आणि नको म्हटलं म्हणजे नाही. इतकं सरळ मत मी कुठल्या निवडणुकीत बघितलं नाही. काकू प्रत्येक दारात तेच बोलायच्या: बुधवारची आमची पंगत, पीठ आणलंय. गावाची पंगत हा शब्द एकदाही नाही. एका म्हातारीनं परातीत पीठ घेत विचारलं की हे पिऊन मळायचं का न पिता. काकू म्हणाल्या, तुमी तर न पिताच झिंगता, आत्याबाई. म्हातारी हसून हसून खोकायला लागली. एका घरी सुनेनं पीठ घेतलं, आतून सासऱ्याचा आवाज आला, कोण आहे. सून म्हणाली, गिरणीवाला. तीन घरांनी दार उघडलं नाही. बौद्ध वस्तीत काकू दरवर्षी जायच्याच, यंदाही गेल्या. तिथल्या एका बाईंनी पीठ घेताना माझ्याकडं बघून विचारलं, ती रीलवाली का तू? मग म्हणाल्या, नाव घ्यायचं म्हटलं की या गावाच्या पोटात दुखतंच, आमाला नवं नाय.

अध्यक्षांचं घर आल्यावर मी स्कूटीचा वेग वाढवला. काकूंनी पाठीत बोट खुपसलं. थांबले. त्या एकट्या आत गेल्या. मला बाहेरून काही ऐकू आलं नाही. बाहेर आल्या तेव्हा हातातलं घमेलं रिकामं होतं.

बुधवारी संध्याकाळी मी देवळापुढच्या मांडवात कडेला उभी होते. काका आले होते. कीर्तन ऐकायला मला कोण नको म्हणतंय, असं म्हणून आले होते, टोपी घालून, मागच्या बाजूला बसलेले. कीर्तन संपलं. पुरुष पंगतीला बसले, पत्रावळ्या पडल्या, डाळ-भात वाढला, भाजी वाढली, बुंदी वाढली. बायका टोपल्या घेऊन आल्या. गल्लीगल्लीतून, डोक्यावर, कमरेवर. आल्या आणि मांडवाच्या एका बाजूला टोपल्या खाली ठेवून, समोर बसल्या. फडकी तशीच.

वाढपी टोपली घ्यायला गेला. म्हातारी, तीच, झिंगणारी, टोपलीवर हात ठेवून बसली. माइकवरच्या माणसानं घाई केली: आजची पंगत समस्त ग्रामस्थांतर्फे, सर्वांनी पोळ्या वाढून घ्याव्यात. कुणी हललं नाही. पत्रावळीवर भात निवत होता. पुरुष आधी हसले, मग एकमेकांकडं बघायला लागले. एक जण ओरडला, काय चाललंय हे.

म्हातारी माइकच्या दिशेनं म्हणाली, "पीठ कुनाचं ते सांगा. मंग वाढू."

अध्यक्ष उठून तिच्याकडं निघाले होते. मधेच त्यांना दुसऱ्या रांगेतल्या टोपलीमागं बसलेली त्यांची बायको दिसली. तिचाही हात फडक्यावर होता. ती त्यांच्याकडं बघत नव्हती, समोर देवाकडं बघत होती. अध्यक्ष तिथंच थांबले. माझा फोन खिशात होता आणि मी तो काढला नाही. काढला असता तर त्या बाईच्या घरात पुढं काय झालं असतं ते मला माहीत होतं, आणि कमेंटला उत्तर देण्यात मी कितीही पटाईत असले तरी तिथं उपयोग नव्हता.

कीर्तनकार महाराज उठले आणि न जेवता गाडीत बसले. त्यांच्यामागं काही माळकरी उठले, माळेला हे चालणार नाही म्हणत. तीही त्यांची हिंमत, मी नाकारत नाही. निदान ते उघड गेले. बाकी गाव बसून राहिलं. भुकेला होतं, आणि बायका उठत नव्हत्या.

शेवटी अध्यक्ष स्वतः माइकपाशी गेले. घसा खाकरला. काकांचं नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. पोळ्या यांच्या घरच्या, म्हणाले. पंगत यांची असं म्हणाले नाहीत, टोपी-उपरणं दिलं नाही, नारळ दिला नाही. टोपल्यांमागं बसलेल्या काकूंनी बाकीच्या बायकांकडं बघितलं. एवढ्यावर काकूंचं भागलं नव्हतं हे मला त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. म्हातारीनंही टोपलीवरचा हात उचलला नाही.

"पंगत कुनाची, ते ऱ्हायलं," ती म्हणाली.

अध्यक्षांनी माइक तोंडापाशी नेला, खाली घेतला, पुन्हा नेला. मग म्हणाले, पंगत यांची. दरसालप्रमाणं.

फडकी निघाली.

काकांना मी तोवर बघत होते. मला वाटलं उभे राहतील, हात जोडतील, डोळे पुसतील. त्यांनी टोपी काढून खिशात घातली, बाह्या वर केल्या आणि एका वाढप्याच्या हातातलं टोपलं घेतलं. ज्याची पंगत त्यानं वाढायचं, तीही तिथली रीत. रांगेतून पोळ्या टाकत निघाले. ज्यांनी ग्रुपवर फोटो टाकला होता त्यांच्याही पत्रावळीवर टाकल्या. अध्यक्ष माइक ठेवून शेवटच्या रांगेत येऊन बसले होते. काका त्यांच्यापुढं थांबले, हातात दोन पोळ्या.

"वाढू?"

अध्यक्षांनी पत्रावळ पुढं सरकवली.

"वाढ," ते म्हणाले.